विश्लेषण : प्रेमाचा त्रिकोण वाचकाच्या बोटावर... व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये नाकारलेल्या पात्राचे काय होते?

चित्रपटातील प्रेमाच्या त्रिकोणात विरह कोणाच्या वाट्याला येणार, हे लेखक ठरवतो. प्रेक्षक हळहळतो आणि घरी जातो. जपानमध्ये रुजलेल्या आणि आता मोबाइलवर पोहोचलेल्या व्हिज्युअल नॉव्हेल या प्रकारात हा निर्णय वाचकालाच घ्यावा लागतो. तरीही बहुतेक कथा त्या निर्णयाची झळ वाचकाला लागू देत नाहीत. मोबाइलवरील अनेक कथा-अ‍ॅप तर ती झळ चुकवण्याचे पैसे घेतात. हा प्रकार चालतो कसा, त्यात त्रिकोण हरवतो कुठे आणि काही मोजक्या कथांनी तो कसा टिकवला, याविषयी...

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे काय?

नावाप्रमाणे ही चित्रांची कादंबरी. पडद्यावर एक पार्श्वभूमी असते, समजा शाळेचा वर्ग किंवा रेल्वे स्थानक. तिच्यावर पात्राचे चित्र उभे राहते, चेहऱ्यावरचे भाव बदलतात, मागे संगीत वाजते आणि खालच्या चौकटीत मजकूर उमटतो. वाचक टिचकी मारत पुढे जातो. हाताची चपळाई, नेमबाजी, शर्यत यांतले काहीही लागत नाही. मधूनमधून दोन-तीन पर्याय समोर येतात. शाळा सुटल्यावर ग्रंथालयात जायचे की गच्चीवर? भांडणात खरे सांगायचे की गप्प बसायचे? उत्तरानुसार कथा वेगळी वाट धरते. हा प्रकार छोटेखानीही नाही. मोठ्या कथा पूर्ण वाचायला ५० तासांहून अधिक वेळ लागतो.

हा प्रकार आला कुठून?

मुळे १९८० च्या दशकातील जपानी संगणक खेळांत आहेत. पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या मालिकेमुळे प्रसिद्ध झालेले युजी होरी यांनी १९८३ मध्ये ‘पोर्टोपिया’ ही खुनाच्या तपासाची कथा केली. त्यात वाचकच तपास पुढे नेत असे. १९९२ मध्ये चुनसॉफ्ट कंपनीने ‘ओतोगिरिसो’ ही भयकथा आणली आणि तिला ‘साऊंड नॉव्हेल’ म्हटले. लीफ या कंपनीने १९९६ पासून आपल्या कथांसाठी ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव वापरले आणि तेच पुढे रूढ झाले. लीफच्याच १९९७ च्या ‘टू हार्ट’मुळे शाळा, मैत्री आणि पहिले प्रेम हे विषय या प्रकाराच्या केंद्रस्थानी आले. त्याआधी, १९९४ मध्ये, कोनामीच्या ‘टोकिमेकी मेमोरियल’ने शाळेतल्या प्रेमाचा खेळ घरोघरी पोहोचवला होता. त्याच वर्षी कोएई कंपनीतील ‘रुबी पार्टी’ या महिलांच्या चमूने मुलींसाठी ‘अँजेलिक’ आणला.

निवडीमागची यंत्रणा कशी चालते?

वाचकाला वाटते की प्रत्येक निवडीने एक नवे जग उघडते. तसे करणे लेखकाला परवडणारे नसते. कथेत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक पर्यायाची वेगळी कथा लिहायची ठरवली, तर शेवट होतात १०२४. म्हणून लेखक फांद्या फुटू देतो आणि लगेच पुन्हा एकत्र आणतो. निवडीची नोंद तेवढी मागे राहते. अमुक पात्राच्या खात्यात एक गुण वाढला, तमुक पात्राला दिलेले वचन पाळले, अशा या नोंदी असतात.

सुरुवातीचा भाग सर्वांसाठी जवळपास सारखाच असतो. एका टप्प्यावर गुणांची बेरीज पाहिली जाते आणि कथा एका पात्राच्या ‘रूट’वर, म्हणजे तिच्या किंवा त्याच्या स्वतंत्र वाटेवर वळते. तिथून पुढची कथा त्या एकाच पात्राची. एक वाट संपली की वाचक मागे येऊन दुसरी धरतो. टाइप-मून या संस्थेच्या २००४ च्या ‘फेट/स्टे नाइट’मध्ये अशा तीन वाटा आहेत आणि त्या ठरावीक क्रमानेच उघडतात. एकाच युद्धाकडे तीन बाजूंनी पाहण्याची संधी त्यातून मिळते. या रचनेचे ते मोठे बळ आहे.

मग त्रिकोण हरवतो कुठे?

नेमका याच रचनेत. कथा एका पात्राच्या वाटेवर वळली की बाकीची पात्रे हळूच बाजूला होतात. कालपर्यंत रोज डबा घेऊन येणारी मैत्रीण अचानक दिसेनाशी होते किंवा हसतमुखाने शुभेच्छा देऊन निघून जाते. कारण सरळ आहे. नाकारलेल्या प्रत्येक पात्राचे दुःख प्रत्येक वाटेवर वेगळे लिहायचे, तर काम कैक पटींनी वाढते. शिवाय त्या पात्राची स्वतःची वाट पुढे वाचायची असतेच. तिथे ती सुखी होणार आहे, मग इथे तिला रडवायचे कशाला, असा विचार होतो.

परिणामी पाच पात्रे असलेल्या कथेत पाच स्वतंत्र जोड्या मिळतात, पण त्रिकोण एकही सापडत नाही. सोबतीला ‘सेव्ह’ची सोय असते. निवडीच्या आधी खूण करून ठेवायची, एक शेवट पाहायचा, परत यायचे आणि दुसरा पाहायचा. सगळ्यांवर प्रेम करून झाले, तरी कोणाचेही मन मोडलेले नसते.

प्रेमाच्या त्रिकोणाचा जीव तर मन मोडण्यातच आहे. जपानी वाङ्मयातले ठळक उदाहरण नात्सुमे सोसेकी यांच्या १९१४ च्या ‘कोकोरो’ कादंबरीचे. मित्राचे ज्या मुलीवर प्रेम आहे तिच्याशीच लग्न ठरवणारा एक तरुण त्यात आहे. मित्र आत्महत्या करतो आणि हा माणूस त्या अपराधाचे ओझे आयुष्यभर वाहतो. आपल्याकडे राज कपूर यांच्या १९६४ च्या ‘संगम’मध्येही तिघांतला एक जण स्वतःचा जीव देतो, तेव्हाच गुंता सुटतो. दोन्हीकडे प्रेमाइतकीच त्या तिसऱ्या माणसाचीही गोष्ट सांगितली आहे. वाचकाला निवडीचा अधिकार देणाऱ्या बहुतांश कथांनी हा तिसरा माणूसच पुसून टाकला.

तिसऱ्या पात्राची दखल कोणी घेतलीच नाही का?

घेतली. ‘टोकिमेकी मेमोरियल’मध्ये एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष केले की तिच्या नावापुढे बॉम्बचे चिन्ह येते. तो फुटला की ती दुखावते, मैत्रिणींत चर्चा होते आणि सगळ्याच मुलींच्या मनातली नायकाची किंमत घसरते. कल्पना मोठी गमतीची आणि तितकीच बोलकी आहे. एकाला दुखावल्याची बातमी बाकीच्यांपर्यंत पोहोचते, हे या खेळाने ओळखले होते. पण त्यावरचा उपाय हिशेबाचा निघाला. खेळाडू आठवड्याचे वेळापत्रक आखतात, पाळीपाळीने प्रत्येकीला फिरायला नेतात आणि बॉम्ब निकामी करतात. भावना होती, तिचे व्यवस्थापन झाले.

‘अँजेलिक’ने वेगळी वाट धरली. त्यातली नायिका विश्वाच्या राणीपदाची उमेदवार आहे, तिला एक प्रतिस्पर्धी आहे आणि भोवती नऊ रक्षक आहेत. रक्षकांपैकी एकाच्या प्रेमाला होकार दिला की सिंहासन सोडावे लागते. इथे निवड दोन पुरुषांमधली नसून प्रेम आणि कर्तृत्व यांच्यातली आहे. दोन्ही एकदम मिळत नाहीत, म्हणूनच ती लक्षात राहते. मुलींसाठीच्या ‘ओतोमे’ या उपप्रकाराचा आरंभ या खेळापासून मानला जातो.

किंमत मोजायला लावणाऱ्या कथा कोणत्या?

तीन जपानी कथा इथे महत्त्वाच्या. तिन्ही मूळ स्वरूपात प्रौढांसाठीच्या आहेत, हे आधी नमूद करायला हवे.

पहिली २००१ ची, ‘किमी गा नोझोमु एइएन’. नायक ताकायुकी आपल्या प्रेयसीला, हारुकाला, भेटायला उशिरा पोहोचतो, कारण वाटेत तो तिच्या जिवलग मैत्रिणीसाठी, मित्सुकीसाठी थांबलेला असतो. तेवढ्यात वाट पाहत असलेल्या हारुकाला अपघात होतो. ती तीन वर्षे बेशुद्ध राहते. या काळात खचलेल्या नायकाला मित्सुकी सावरते आणि दोघे एकत्र येतात. मग हारुका शुद्धीवर येते. तिच्या लेखी एकही दिवस उलटलेला नसतो. या कथेत खलनायक नाही. प्रत्येकाचे वागणे समजण्यासारखे आहे, तरी कोणाला तरी उद्ध्वस्त केल्याशिवाय वाचकाला पुढचे पान उलटता येत नाही.

दुसरी २००५ ची ‘स्कूल डेज’. ती जवळपास पूर्ण अ‍ॅनिमेशनमध्ये आहे आणि पर्याय पडद्यावर मोजका वेळच राहतात. वेळ संपली की कथा थांबत नाही, गप्प राहणे हेच उत्तर धरून ती पुढे सरकते. नायक माकोतो दोन मुलींमध्ये झुलत राहतो आणि वाचकही त्याच्यासोबत टाळाटाळ करू लागतो. या कथेचे काही शेवट अतिशय रक्तरंजित आहेत आणि तिची ख्याती त्यांच्यामुळेच झाली. तिचे खरे म्हणणे मात्र त्याआधीच येऊन गेलेले असते: न निवडणे हीसुद्धा निवड असते आणि पुष्कळदा तीच सर्वांत क्रूर ठरते.

तिसरी, आणि या विषयातली सर्वांत प्रगल्भ, ‘व्हाइट अल्बम २’. लेखक फुमिआकी मारुतो. लीफने ती दोन भागांत काढली, पहिला २०१० मध्ये आणि दुसरा २०११ मध्ये. शाळेच्या महोत्सवासाठी गिटारचा सराव करणाऱ्या हारुकीला शेजारच्या खोलीतून पियानोची साथ मिळते आणि गच्चीवरून एक आवाज. पियानो काझुसाचा, आवाज सेत्सुनाचा. तिघांचा वाद्यवृंद जमतो आणि तिघांचे मनही. हारुकी आणि काझुसा एकमेकांकडे ओढले गेले आहेत, पण प्रेमाची कबुली आधी देते सेत्सुना.

पहिल्या भागात वाचकाला एकही पर्याय मिळत नाही, आणि ही या कथेची सर्वांत धाडसी चाल आहे. तो फक्त पाहतो. तिघेही एकमेकांना जपायला जातात आणि त्यातूनच एकमेकांना फसवतात. पर्याय दुसऱ्या भागात येतात, तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. आता निवडायचे ते सुख नव्हे. कोणाच्या दुःखाची जबाबदारी घ्यायची, एवढेच वाचकाच्या हाती उरते. एका वाटेवर प्रेम मिळवण्यासाठी नायकाला मित्र, नोकरी आणि देश सोडावा लागतो. दुसरीकडे, जिला मागे सोडले ती पात्रे नाहीशी होत नाहीत. ती भेटतात, बोलतात आणि पुन्हा उभी राहण्याची धडपड करतात. ‘सेव्ह’चे बटण याही कथेत आहे. पण मागे जाऊन दुसरी वाट धरली, तरी पहिल्या वाटेवर काय केले ते वाचकाच्या आठवणीत शिल्लक राहते. कथेला नेमके तेच साधायचे असते.

‘डोकी डोकी’ने काय वेगळे केले?

अमेरिकेतील डॅन साल्वाटो यांच्या छोट्या चमूने २०१७ मध्ये ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ मोफत उपलब्ध करून दिला. पहिल्या काही महिन्यांतच तो दहा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला. वरवर पाहता ती नेहमीची शाळकरी प्रेमकथा वाटते. साहित्य मंडळात चार मुली आहेत, त्यांपैकी तिघींना जिंकता येते. चौथी, मंडळाची प्रमुख मोनिका हिच्यासाठी वाटच लिहिलेली नाही. आपण एका खेळातले पात्र आहोत आणि आपली निवड कधीच होणार नाही, हे तिला कळलेले असते. मग ती इतर पात्रांचा स्वभाव बिघडवू लागते, त्यांना खेळातून पुसू लागते.

बाकीच्या कथांनी ज्या तिसऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडले, तोच इथे येऊन हिशेब मागतो. या खेळात आत्महानीची विदारक दृश्ये आहेत. ती लहान मुलांसाठी किंवा मन हळवे असणाऱ्यांसाठी नाहीत, असा इशारा निर्मात्यांनी सुरुवातीलाच दिला आहे. गोंडस चित्रे पाहून पालकांनी फसू नये.

हा खेळ ‘रेनपाय’ या मोफत आणि मुक्तस्रोत साधनावर बनला आहे. टॉम रॉथामेल यांनी ते २००४ मध्ये आणले. त्यामुळे मोठी कंपनी पाठीशी नसलेल्या लेखकालाही अशी कथा करता येऊ लागली.

मोबाइलवर आल्यावर काय बदलले?

संगणकावरची किंवा खेळाच्या यंत्रावरची कथा वाचक एकदाच विकत घेत असे. मोबाइलवर अ‍ॅप मोफत असते आणि कमाई आतल्या खरेदीतून होते. २०१६ मध्ये आलेल्या ‘चॉइसेस’मध्ये प्रकरण उघडायला चावी लागते. चाव्या संपल्या की थांबायचे किंवा विकत घ्यायच्या. काही पर्यायांपुढे हिऱ्यांचा आकडा असतो. हिरे थोडे वाचनातून मिळतात, बाकीचे पैशांनी. त्याच वर्षी आलेल्या कोरियन ‘मिस्टिक मेसेंजर’मध्ये अकरा दिवसांची कथा खऱ्या घड्याळाप्रमाणे चालते. पात्रांच्या गप्पा पहाटेसुद्धा सुरू होतात आणि हुकलेल्या गप्पा विकत घेता येतात.

यात गैर काही नाही, लेखकांचे आणि चित्रकारांचे पोटही भरायला हवे. अडचण आहे ती पैसे कशाचे घेतले जातात याची. पूर्ण कथेची किंमत लावणे आणि कथेतल्या एका क्षणाची किंमत लावणे यांत फरक आहे. प्रिय पात्रासोबतची संध्याकाळ हिऱ्यांची आणि ‘आज नको’ हे उत्तर फुकट, अशी मांडणी झाली की वाचक मनाचा कौल घेत नाही, शिल्लक पाहतो. ‘व्हाइट अल्बम २’मध्ये निवडीची किंमत दुसऱ्या पात्राच्या दुःखात मोजली जाते. इथे ती रुपयांत मोजली जाते आणि मोजून झाली की विषय संपतो. त्रिकोणातला अपराधभाव मोबदला देऊन फेडता येतो, असाच त्याचा अर्थ होतो.

हे शेवटी मनोरंजनच नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. दिवसभराच्या कामानंतर लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला अपराधभाव नको असतो, चार सुखाचे क्षण हवे असतात. ओतोमे कथांनी तर अनेक वाचक मुलींना निवडण्याची जागा दिली. एरवी प्रेमकथांत त्यांच्या वाट्याला बहुधा निवडले जाणेच येते. सर्वांना सुखी ठेवणारी कथा लिहिणे हा गुन्हा नाही.

मात्र ‘तुम्ही निवडा, कथा तुमची’ असे आश्वासन देणाऱ्या प्रकाराकडून एक अपेक्षा ठेवायला हवी. निवडीला परिणाम नसेल, तर ती निवड उपाहारगृहातल्या यादीतून पदार्थ मागवण्यासारखी होते. न मागवलेल्या पदार्थाला दुःख होत नाही. माणसांना होते. भेटवस्तू देत राहिले, गोड बोलत राहिले, गुण जमवले की समोरची व्यक्ती आपोआप आपली होते आणि नको असलेली व्यक्ती आपोआप नाहीशी होते, ही या यंत्रणेची मूळ समजूत आहे. प्रत्यक्षात नकार पचवावाही लागतो आणि नीट द्यावाही लागतो. कथा हे शिकवण्याची शाळा नाही, पण ते अनुभवून पाहण्याची सर्वांत सुरक्षित जागा नक्कीच आहे. संवादी कथेला ही संधी कादंबरीपेक्षा आणि चित्रपटापेक्षा जास्त आहे, कारण तिथे बोट वाचकाचे असते. ती संधी हिऱ्यांवर विकून टाकणे हे या प्रकाराचे स्वतःचेच नुकसान आहे.

वाचकाने काय पाहावे?

व्यवहाराच्या गोष्टी आधी. अ‍ॅप घेताना वयोगटाची खूण आणि ‘अ‍ॅपमध्ये खरेदी’ ही सूचना पाहावी. फोन मुलांच्या हाती असेल, तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करून ठेवावी. किशोरवयीन मुलांना जपानी प्रेमकथा द्यायच्या असतील, तर मूळ आवृत्ती प्रौढांसाठीची आहे का, हे तपासावे. एकाच कथेच्या प्रौढांसाठीच्या आणि सर्वांसाठीच्या अशा दोन आवृत्त्या निघणे या क्षेत्रात नेहमीचे आहे.

कथेचा कस पाहायला मात्र एक साधा प्रश्न पुरेसा आहे. निवड झाल्यानंतर, जिला किंवा ज्याला नाकारले ते पात्र पुन्हा भेटते का? भेटले तर त्याला बोलायला काही दिले आहे का? उत्तर होकारार्थी असेल, तर लेखकाने त्रिकोणाच्या तिन्ही कोनांवर माणसे उभी केली आहेत. ते पात्र समोर आले की क्षणभर पुढची टिचकी मारवत नाही. तशी कथा विकत घ्यावी लागली, तरी ते पैसे वाया जात नाहीत.